गच्चीवरचं हवामान केंद्र दुपारी ४ अंश जास्त दाखवतंय, ऑफसेट टाकू का?

गच्चीवर_कोथरूड
कोथरूडला चार मजली इमारतीच्या गच्चीवर स्वतः जोडलेलं केंद्र आहे. ईएसपी३२ (वायफायवाला कंट्रोलर बोर्ड) आणि बीएमई२८० (तापमान, आर्द्रता, दाबाचा सेन्सर) दोन्ही एकाच पांढऱ्या जंक्शन बॉक्समध्ये, खालून भोकं पाडलेली. बॉक्स कठड्याला क्लॅम्पने लावलाय, स्लॅबपासून साधारण ३ फुटांवर. एप्रिलात दुपारी शिवाजीनगर वेधशाळेत ३९.५ असताना माझ्याकडे ४३.५. पहाटे फरक दीड-दोन अंशांवर येतो, पण जातच नाही. रीडिंग दर १० सेकंदांनी, वायफाय सतत चालू. कोडमध्ये सरळ ४ वजा केले की पहाटेचा आकडा बिघडतो. सेन्सर बदलून एसएचटी३१ घ्यावा का?

पर्जन्यमापी
सेन्सर बदलून काही होणार नाही, त्याच डब्यात एसएचटी३१ही ४३.५च दाखवेल. चूक सेन्सरची आहे की तो खरोखर तापलाय, हे आधी ठरवा. त्याला सोपी युक्ती: दवबिंदू काढा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते. हवा नुसती तापली तर तापमान वाढतं, आर्द्रतेचा टक्का उतरतो, दवबिंदू मात्र हलत नाही. ३९.५ अंशांना १५ टक्के आर्द्रतेची हवा ४३.५ला नेली की टक्का १२ होतो, दवबिंदू दोन्हीकडे ८च्या आसपास. तुमचा दवबिंदू शिवाजीनगरच्या जवळ आणि तापमान तेवढं वर असेल, तर सेन्सर ठीक आहे, डबा तापतोय.

पहाटेच्या दीड-दोन अंशांसाठी दुसरी चाचणी. सूर्योदयाआधी केंद्राची वीज अर्धा तास बंद ठेवा. चालू केल्यावरचं अगदी पहिलं रीडिंग लिहून घ्या आणि २० मिनिटांनी पुन्हा बघा. जेवढं चढलं तेवढी ईएसपीची उष्णता. वायफाय चालू असताना तो सरासरी १०० मिलीअँपिअर घेतो असं धरलं, तरी ३.३ व्होल्टला एक तृतीयांश वॅट सतत त्या डब्यात कोंडला जातोय. बीएमई२८०ही स्वतः थोडा तापतो, कारण त्यातला तापमापक मुळात दाब आणि आर्द्रतेच्या दुरुस्तीसाठी आहे. त्याला फोर्स्ड मोडमध्ये (मागितलं तेव्हाच मोजून पुन्हा झोपतो) टाका, मिनिटाला एकच वाचन घ्या आणि सेन्सर ईएसपीपासून वेगळा करून बाहेर काढा. सेन्सर आणि ईएसपीमधली आय-टू-सीची (डेटाची) वायर मीटरभराच्या आत ठेवा.

चाचणीत चढ फारसा दिसला नाही, तर उरलेली उष्णता कठडा आणि स्लॅबची. दिवसभर तापलेलं काँक्रीट पहाटेपर्यंत ऊब सोडत राहतं.

सोल्डर_आणि_स्क्रू
जंक्शन बॉक्स म्हणजे भट्टीच. सावली हवी, पण वारा आरपार गेला पाहिजे. स्टीव्हन्सन पेटीला दुहेरी झडपा असतात त्या याचसाठी. घरी अशी ऊन अडवणारी ढाल करायची तर:

कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा, १८ सेंटिमीटरच्या, ८ नग. सगळ्या उपड्या, कड खाली. वरच्या दोन अखंड ठेवा, बाकीच्यांना मधोमध ७ सेंटिमीटरचं भोक. ६ मिमीचे तीन स्टेनलेस आटेदार रॉड, दोन बशांमध्ये १५ ते २० मिमी फट राहील असे पीव्हीसी कंड्यूटचे तुकडे. सेन्सर मधल्या बशांच्या पातळीवर लटकवा, कुठेही प्लास्टिकला टेकू देऊ नका.

बशी उन्हाकडे धरून बघा. आतून उजळली तर प्रकाश झिरपतोय. मग वरून पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात आणि खालच्या बाजूला बिनचमक काळा. काळा कशाला, असं वाटेल. स्लॅबवरून परावर्तित झालेलं ऊन फटींतून आत येऊन बशीच्या पांढऱ्या पोटावरून सेन्सरवर उडतं, ते काळा रंग गिळतो.

आणखी एक, बहुतेकांकडून सुटणारी गोष्ट: वायर. काळी केबल उन्हात तापते आणि तांब्यातून उष्णता थेट सेन्सरपर्यंत पोहोचते. शेवटची २०-३० सेंटिमीटर वायर ढालीच्या आतच गुंडाळून ठेवा.

एवढं करूनही वारा पडलेल्या कडक दुपारी दीड-दोन अंश जास्त येतील. ते नको असेल तर ८० मिमीचा १२ व्होल्टचा संगणकातला पंखा लावा, सेन्सरच्या वर, खालून हवा ओढणारा. खाली लावला तर मोटारीची ऊब सेन्सरवर येते. त्यासाठी सगळ्यात खालची बाजू मोकळी हवी, फक्त जाळी. पंख्याची फेऱ्या मोजणारी तिसरी वायर ईएसपीला जोडा, म्हणजे पंखा अडकला तेव्हाची रीडिंग ओळखून बाजूला काढता येतील. पावसाळ्यात बेअरिंग जाणारच, एक पंखा जवळ ठेवा. पाली आणि गांधीलमाश्यांसाठी जाळी लावाल, ती धुळीने बुजते. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये धुवा.

गच्चीवर_कोथरूड
सेन्सर स्वतः किती चुकतो ते बर्फात बुडवून तपासता येईल ना?

सोल्डर_आणि_स्क्रू
बीएमई बुडवू नका, मरेल. स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर घ्या, डेटा वायरला ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लावून. ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ बारीक ठेचून थर्मासमध्ये भरा, त्याच पाण्याने फटी भरा. पाण्यावर बर्फ तरंगतोय असं नको, तळापर्यंत लगदा हवा, नाहीतर ४ अंशांचं जड पाणी तळाशी बसतं. टोक मध्यभागी, अधूनमधून ढवळत १५-२० मिनिटं. ०.३ दाखवलं तर ०.३ वजा. हा ऑफसेट खरा, कारण तो सेन्सरचा आहे, उन्हाचा नाही. मग तोच डीएस आणि बीएमई रात्री पंख्याखाली शेजारीशेजारी ठेवून जुळवा.

उकळत्या पाण्याच्या फंदात पडू नका. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८च्या जवळ उकळतं आणि तिथली चूक ३० अंशांना लागू होईलच असं नाही. कोडमध्ये ८५ आणि -१२७ गाळा: पहिला आकडा वीज आल्यावरचा डीफॉल्ट, दुसरा वायर तुटल्यावर लायब्ररी देते तो.

निफाड_द्राक्ष
ढाल रात्री उलटंही करते. निरभ्र, वारा नसलेल्या थंडीच्या रात्री ती आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा थंड होते, थोडं कमी दाखवते. बागेत तुषार किंवा फवारणीचं पाणी ढालीवर पडलं तर बाष्पीभवनाने आकडा आणखी उतरतो. आणि ४ फुटांवरचं किमान म्हणजे जमिनीलगतचं नव्हे, अशा रात्री खाली काही अंश कमी असतं. दवासाठी दुसरा सेन्सर खाली लावावा लागतो.

पर्जन्यमापी
जागेचं राहिलं. नियम मातीवर किंवा गवतावर सव्वा ते दोन मीटर उंचीचा आहे. गच्ची त्यात बसत नाहीच, पण कठडा सोडून मधोमध २ मीटरच्या पाइपवर न्या. एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि टाकीपासून लांब. खाली स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग असेल तर उत्तम, मात्र मग परावर्तन वाढतं, काळ्या पोटाच्या बशा हव्यातच.

तुलना करताना वेळ बघा. वेधशाळेत कमाल-किमान तापमापक सकाळी ८:३० आणि संध्याकाळी ५:३०ला वाचतात, तुमचं ॲप मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतं. थंडीची लाट येताना रात्री ११:५०चा आकडा त्या दिवसाच्या पहाटेपेक्षा खाली गेला, तर दोघांचं किमान जुळणारच नाही. शिवाय पुण्यातल्याच मगरपट्ट्याचं किमान शिवाजीनगरपेक्षा जास्त असणं नेहमीचंच. त्यामुळे शिवाजीनगरशी दशांश जुळवत बसू नका. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी दुपारी फरक अर्ध्या-एक अंशात आला आणि कडक उन्हात पुन्हा वाढला, तर ढालीवर अजून काम बाकी आहे.