मदत हवी आहे: कपाच्या झाकणावरचं छापील टच बटण वाफेमुळे आपोआप लागतंय

बटणाला बोट लावलं की चहाचं तापमान एलईडीवर दिसायला हवं, एवढंच काम. झाकण पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक). त्यावर थेट छपाई नको, कारण कोरोना ट्रीटमेंटसारखी (विजेच्या झोताने पृष्ठभाग तयार करणं) प्रक्रिया केल्याशिवाय पीपी शाई धरत नाही आणि सिल्व्हर पेस्ट (वीज वाहणारी चांदीची शाई) १२० अंशांवर पक्की करताना पातळ झाकण वाकतं. म्हणून नाशिकच्या अंबडला मेंब्रेन स्विचवाल्याकडून (फिल्मवर बटणं छापणारा) १२५ मायक्रॉन पीईटी (पॉलिएस्टर) फिल्मवर स्पर्श ओळखायचा १२ मिमीचा गोल पॅड छापून घेतला आणि फिल्म झाकणाला वरून चिकटवली. स्पर्श ओळखणारी चिप एमपीआर१२१, ३ व्होल्टवर.

गार पाण्यावर सगळं झकास. उकळता चहा ओतला की झाकणाच्या आत थेंब धरतात. पीपीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (जितका जास्त, तितका जास्त विद्युतभार साठतो) २.२, पाण्याचा कित्येक पट जास्त. पॅडची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता, बोट लागलं की हीच वाढते) चढते आणि चिपला वाटतं बोट लागलं. कप हलला, थेंब ओघळला, की पुन्हा तेच.

थ्रेशोल्ड (किती बदल झाला की स्पर्श मानायचा ती मर्यादा) वाढवला तर हलका स्पर्श कळत नाही. बेसलाइन (स्पर्श नसतानाची मूळ पातळी) वेगाने सरकवली तर दाबून धरलेलं बोटच गिळलं जातं. पॅड ८ मिमी केल्यावर त्रास कमी झाला, गेला नाही. यांत्रिक बटण नको, झाकण धुवायचं आहे.

आता फिल्मच्या खालच्या बाजूला शील्ड (थेंबांचा परिणाम अडवणारा वाहक थर) छापायचा विचार आहे. १२ मिमी पॅडखाली सलग ग्राउंड दिलं तर हिशोबाने २५ पिकोफॅरॅडचा बोजा येतो, संवेदनशीलता मार खाणार. २५ टक्के जाळीचं ग्राउंड या थेंबांना पुरेल, की शील्ड ड्रायव्हर (शील्डला पॅडच्याच व्होल्टेजवर ठेवणारं सर्किट) असलेली एफडीसी१००४ चिप घ्यावीच लागेल? आणि सातपूर-अंबडकडे पीईटीच्या दोन्ही बाजूंना नेमकं जुळवून सिल्व्हर छापणारं, पन्नासेक नगांची ऑर्डर घेणारं कोणी आहे का?