एकाच कापडातला शाळेचा रेनकोट: खांद्याला शिवण नको, पण बगल, पुढची उघड आणि टोपी कशी बेतायची?

गणवेश_पूर्वभाग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरात शाळेच्या गणवेशाचं काम आहे. यंदा त्याच गिऱ्हाइकांसाठी रेनकोट काढायचा विचार आहे. आपल्याकडे पाऊस थोडा, पण सप्टेंबरात येतो तो झोडपून काढतो. बाजारातल्या रेनकोटात पोरांचे खांदे आधी भिजतात, कारण पाणी नेमकं खांद्याच्या शिवणीवर बसतं. म्हणून कापड खांद्यावर दुमडून पुढा, पाठ आणि दोन्ही बाह्या एकाच तुकड्यात कापायच्या, असं ठरवलंय.

माप आठ वर्षांच्या मुलाचं: उंची ५० इंच, छाती २६½, मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंत २२. दप्तर रेनकोटाच्या आतच राहिलं पाहिजे. कापड आतून पीयू (पॉलियुरेथेन, पाणी अडवणारा थर) कोटिंगचं पॉलिस्टर टॅफेटा, पन्हा (कापडाची रुंदी) ५८ इंच.

मांजरपाटाचा (साध्या सुती कापडाचा) नमुना छान बसला. तोच कागद कोटिंगच्या कापडावर ठेवून कापला तर तीन अडचणी आल्या:

१. हात वर केला की बगलेत ओढ येते आणि घेर, म्हणजे कोटाची खालची कड, चार-पाच इंच वर चढतो.
२. पुढा मधोमध कापला तर पदरावर पदर येत नाही, फट राहते.
३. टोपीच्या जोडातून मानेत पाणी उतरतं.

नमुन्याची मापं: पुढा-पाठ मध्यापासून प्रत्येकी १० इंच रुंद, बाही खांद्याच्या दुमडीपासून ७½ खाली, बगल सरळ काटकोनात. काय बदलू?

---

कात्री_आणि_कागद

मांजरपाटावर विश्वास ठेवला तिथेच घोटाळा झाला. बगलेची ओढ उभ्या किंवा आडव्या धाग्यात नसते, ती तिरकी जाते. सुती कापड तिरक्यात सरकतं, म्हणून नमुना बसल्यासारखा वाटतो. कोटिंगने मात्र ताणा-बाणा जागच्या जागी चिकटवलेला असतो. ते कापड तिरक्यात अजिबात देत नाही आणि इस्त्रीने बसवताही येत नाही. नमुना नेहमी टेबलावर टाकतात त्या पातळ प्लास्टिकचा करा. मीटरला थोडे पैसे जातात, पण तो खरं बोलतो.

आता रुंदी. १० इंच म्हणजे छातीभोवती एकूण ४०. पोराची छाती २६½, गणवेशावर हालचालीला ८ इंच सैल धरले की ३४½ झाले. भरलेलं दप्तर पाठीपासून सहा-सात इंच बाहेर येतं, त्याच्या दोन्ही बाजू मिळून १२ ते १४ इंच लागतात. म्हणजे छातीत ४८ हवेत, मध्यापासून १२. खाली घेरात १५ पर्यंत उतरवा, चालताना गुडघे अडकणार नाहीत. दप्तर नसेल त्या दिवशी कोट तंबूसारखा दिसेल, म्हणून दोन्ही कुशीला कमरेच्या उंचीवर टिचबटणाची एक पट्टी द्या. दोन-दोन इंच आत घेता येतात.

पाठीला मधोमध बॉक्स प्लीट (दोन्हीकडून दुमडलेली उभी घडी) टाकायचा मोह होईल. एकसंध कापडात तो जमत नाही. खांद्यावर पुढा आणि पाठ एकच आहेत, तेव्हा पाठीला जास्तीची रुंदी फक्त कुशीतूनच मिळते. चिरून कळी (तिकोनी तुकडा) घातली तर पाठीवर दोन उभ्या शिवणी येतात आणि मग खांदा वाचवून काय मिळवलं?

बगल. जुने शिंपी अंगरख्याला चौबगला (बगलेत घालायचा चौकोनी तुकडा) लावायचे तो याचसाठी. लोक चौबगल्याऐवजी नुसती गोलाई देतात. गोलाईने कोपरा फाटायचा थांबतो, पण मनगटापासून घेरापर्यंतची वाट आणखी आखूड होते, म्हणून घेर जास्तच वर चढतो. चौबगला ही वाट लांब करतो. तो असा घाला:

- बाहीची खोली दुमडीपासून ८½ ठेवा, मनगटाशी ५.
- बगलेच्या कोपऱ्यापासून बाहीच्या शिवणीचे ४ इंच आणि कुशीच्या शिवणीचे ४ इंच उघडे सोडा.
- ५ × ५ चा चौकोन कापा. चारी बाजूंनी अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) गेली की तयार ४ × ४.
- त्याचे दोन समोरासमोरचे कोपरे पुढ्याच्या आणि पाठीच्या बगलेच्या कोपऱ्यांना, उरलेले दोन बाहीच्या आणि कुशीच्या शिवणीच्या टोकांना लागतात.

आतल्या कोपऱ्यात माया उतरवत पाव इंचावर आणा आणि कोपरा अगदी टोकदार न ठेवता अर्ध्या इंचाची गोलाई द्या. इथे कात्रीचे काप मारायची सवय आवरा. सुती कापडात काप माफ असतो, कोटिंगच्या कापडात तिथूनच फाट सुरू होते.

खांद्याचा उतार या कटात मिळत नाही, दुमड सरळच राहते. थोडी चूण बगलेत साठणार, ती साठू द्या. गळा मात्र दुमडीवर मधोमध ठेवू नका, नाहीतर कोट सारखा मागे सरकतो आणि पुढून गळ्याला काचतो. रुंदी ६, मागची खोली ¾, पुढची २¾.

लांबी पुढून ३१. मागे दप्तरावरून कापड चढतं म्हणून पाठ मधोमध ३५, कुशीला पुन्हा ३१ वर आणणारी गोल शेपूट. घेराच्या दुमडीला एक-एक इंच धरला की उभं कापड ६८ इंच.

---

टीपेवर_टीप

मास्तरांनी कट सांगितला, मी शिवणीचं सांगते. एकसंध कटात शिवणी उरतात तीनच ठिकाणी: कूस ते बाहीची खालची बाजू, पुढची उघड आणि गळा. मनगटापासून घेरापर्यंतची लांब शिवण खालच्या अंगाला आहे, तिथे पाणी साठत नाही, वाहून जातं. म्हणून सगळी शक्ती गळ्यावर आणि पुढ्यावर खर्च करा.

सुईचं भोक हेच रेनकोटाचं मूळ दुखणं आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये रबराच्या थराच्या कापडाचं पेटंट घेतलं, तेव्हाही शिंप्यांनी शिवल्यावर कोट शिवणीतून गळायचे. कापड बदललं, भोक तेच.

- सुई ११ नंबरची, नवी. बोथट सुई कोटिंग टोचत नाही, फाडते.
- टाका मोठा, इंचाला ८. बारीक टाक्याने कापड टपालाच्या तिकिटासारखं भोकांच्या ओळीवर फाटतं.
- दोरा पॉलिस्टर. सुती दोरा वातीसारखा पाणी आत ओढतो.
- टाचण्या नकोत, कपड्याचे चिमटे लावा. टाचणीचं भोक बुजत नाही. उसवून पुन्हा शिवणंही तसंच, जुन्या टीपेची भोकं कायमची राहतात.
- कोटिंगची बाजू प्रेसर फूटला (मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाला) चिकटते. टेफ्लॉनचा फूट घ्या, नाहीतर बटर पेपरची पट्टी वर ठेवून शिवा आणि नंतर ओढून काढा.

जीन्सच्या कुशीसारखी दोन टीपांची शिवण मजबूत असते, पण दुसरी टीप बाहेरून उघडी पडते, म्हणजे भोकं दुप्पट. आधी उलट बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप, मग कापड पलटून तीच माया आत कोंडणारी दुसरी टीप, ही शिवण बाहेरून स्वच्छ दिसते, पण जाड होते आणि तिच्यावर सीम टेप (शिवणीची भोकं आतून झाकणारी चिकटपट्टी) नीट बसत नाही. टेप लावायचीच असेल तर साधी एक टीप घाला, माया एका अंगाला पाडा आणि आतून २० मिलिमीटरची पीयू टेप गरम हवेने बसवा. मशीन नसेल तर सुती फडकं वर ठेवून मंद इस्त्रीने. आधी त्याच कापडाच्या कपट्यावर चाचणी घ्या. टेप आणि कोटिंगची जात एक हवी. सिलिकॉन कोटिंगच्या कापडावर पीयू टेप धरतच नाही.

चौबगल्याच्या चारही कोपऱ्यांवर टेपचा रुपयाएवढा गोल तुकडा वेगळा डकवा. टेप वळवताना तिथेच उचलते.

चमकणारी पट्टी हवी असेल तर घेरात आणि बाहीच्या टोकाशी शिवा. खांद्यावर शिवलीत तर सगळी मेहनत वाया.

---

गणवेश_पूर्वभाग

ताई, मास्तर, मनापासून आभार. चौबगल्याचा हिशेब प्लास्टिकवर काढून पाहिला, हात वर केल्यावर घेर आता फार तर दीड-दोन इंच हलतो. पुढची उघड आणि टोपी राहिली. टोपीसाठी वरून १०½ इंच कापड जास्त घेतलं तर एकूण ७८½, म्हणजे बरोबर दोन मीटर. ठीक आहे का? आणि बगलेखाली चार मोठे तुकडे वाया जातायत, ते डोळ्यांत खुपतंय.

---

पन्हा_५८

दोन मीटरची गरज नाही. आडवं मांडून पाहा: बाहीच्या टोकापासून टोकापर्यंत २३½ + २३½ म्हणजे ४७, मनगटाच्या दुमडीला दोन्हीकडे एक-एक, झाले ४९. पन्हा ५८, पण काठाला पिनांची भोकं असतात, ती दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच सोडा. हाती ५७. कागद पन्ह्याच्या मधोमध ठेवलात तर दोन्ही बाजूंना चार-चार इंचांच्या निरुपयोगी चिंध्या निघतात. कागद एका काठाला सरकवा, म्हणजे दुसऱ्या बाजूला ८ इंच रुंद, ६८ लांब अशी सलग पट्टी मिळते. त्या पट्टीतून निघतं:

टोपीची मधली पट्टी ६ × २५, आणि पुढच्या उघडीवरचा पदर ७ × ३२. मिळून ५७ लांबी, ११ इंच शिल्लक, त्यात कुशीच्या टिचबटणाच्या पट्ट्या.

टोपीच्या दोन बाजू ९ × १२ आणि चौबगले बगलेखालच्या तुकड्यांतून. उरलेल्या मोठ्या तुकड्यांचे खिसे करा, पण खिसा पुढ्यावर वरून शिवू नका. कुशीच्या शिवणीत आतून सोडा. एकूण कापड पावणेदोन मीटर. दोन मीटरमागे पाव मीटर वाचला, तर शंभर कोटांना २५ मीटर.

पुढची उघड: चिरलेल्या कापडाच्या दोन्ही कडा एकाच रेषेतून आलेल्या असतात, तेव्हा पदरावर पदर यायला कापडच नसतं. मधून न चिरता बाजूला चिरलं तरी तेच. पदर बाहेरूनच जोडायला लागतो. ७ इंची पट्टी उभी दुमडली की माया जाऊन ३ इंचांचा दुहेरी पदर तयार. तो एका कडेला चेनच्या बाहेरून जोडा आणि दुसऱ्या अंगावर टिचबटणांनी बसवा, अंतर ५ इंच. बाराबंदीत एक पदर दुसऱ्यावर जातो तसा. टिचबटणं पदरात आणि त्याखालच्या दुहेरी कापडातच ठोका. एकेरी कोटिंगमध्ये ठोकलेलं बटण पोरं चार दिवसांत उपटतात. नायलॉनची चेन पाणी अडवत नाही, ती फक्त वाऱ्यासाठी समजा. पाणी पदराने अडवायचं.

टोपी: मधोमध शिवण असलेली दोन तुकड्यांची टोपी घेऊ नका, टाळूवरच गळते. मधली पट्टी कपाळापासून मानेपर्यंत सलग जाते, शिवणी कानाच्या वर दोन्हीकडे येतात. (एकाच आयतातली टोपीही होते, शेतात पोत्याची खोळ करतात तशीच, फक्त कोपरा आत न खोचता मागे शिवायचा. पण तिला २६ × १०½ चं सलग कापड लागतं, आणि तेच तुमचे जास्तीचे साडेदहा इंच.)

मानेत पाणी का उतरतं? जोडाची माया वर, टोपीकडे पाडली असेल. टोपीवरून ओघळलेलं पाणी त्या खाचेत अडतं आणि भोकांतून आत शिरतं. छपरावरचे पत्रे आठवा, वरचा पत्रा नेहमी खालच्याच्या वर येतो. टोपीची कड कोटाच्या गळ्यावर बाहेरून अर्धा इंच खाली उतरली पाहिजे, माया खाली पाडलेली, आतून टेप. अडकवायचा लूप याच जोडात धरा, पाठीवर वेगळी टीप नको.

---

कात्री_आणि_कागद

पन्हा_५८ यांची मांडणी पटली. एक भर: छापील कापड घेणार असाल तर चित्राला वर-खाली दिशा नसलेलंच घ्या. कापड खांद्यावरून मागे वळतं, तेव्हा पुढ्यावरचं सरळ चित्र पाठीवर उलटं येतं. शाळेचं नाव छापायचं असेल तर कापल्यानंतर, दोन्हीकडे वेगळं.

आणि हवेची वाट. पीयू कोटिंगमधून घाम बाहेर पडत नाही, पोरं आतून भिजतात आणि आई म्हणते रेनकोट गळका आहे. चौबगल्यात ६ मिलिमीटरची तीन-तीन आयलेट (हवेच्या भोकांच्या कड्या) ठोका. तिथे पाऊस पोचत नाही.

---

हँडलवर_हात

हाच कट मोठ्या माणसाला, दुचाकीसाठी चालेल का?

---

पन्हा_५८

साडेपाच फुटी माणसाचं मणक्यापासून मनगटापर्यंतचं माप साधारण ३२-३३ धरा. सैल आणि दुमड धरून एका अंगाला ३५, दोन्ही मिळून ७०. पन्हा ५७. दर बाहीला साडेसहा इंच कमी पडतात. कापड आडवं फिरवून बाह्या उभ्या धाग्यात घेतल्या तर लांबी पन्ह्यात अडकते, पुढा-पाठ मिळून ५७, म्हणजे कमरेपर्यंतचं जाकीट. त्याच्या खाली पँट असेल तर चालेल.

लांब कोटच हवा असेल तर बाही कोपराच्या खाली जोडा. हँडलवर हात पुढे असतात आणि पाणी खांद्याकडून मनगटाकडे धावतं, म्हणून वरच्या भागाची कड खालच्या तुकड्यावर आली पाहिजे. पदराची उघडी कड समोरून येणाऱ्या वाऱ्याला धरू नये म्हणून दुचाकीच्या कोटाला चेनच्या दोन्ही बाजूंना पदर ठेवा, एक आत आणि एक बाहेर.

---

टीपेवर_टीप

@गणवेश_पूर्वभाग, शंभर कापायच्या आधी पहिल्या कोटाची, चौबगल्यात आयलेट ठोकण्यापूर्वी, एक तपासणी करा. गळ्याचा जोड, दोन्ही चौबगले आणि पुढच्या पदराचं वरचं टोक, प्रत्येक जागा झोळीसारखी धरून एक पेला पाणी ओता, खाली वर्तमानपत्र पसरा, दहा मिनिटं थांबा. कागदावर थेंब कुठे पडतो ते खडूने कोटावर खूण करा. थेंब बहुतेक चौबगल्याच्या बाहीकडच्या किंवा कुशीकडच्या कोपऱ्यातून येईल, कारण तिथे टेपची तीन टोकं एकत्र येतात. आला तर शिवण उसवू नका, आतून टेपचा आणखी एक गोल तुकडा डकवा आणि तीच जागा पुन्हा तपासा.