मदत हवी आहे: जुनी पोलो जीटी घेतोय, पण पुढून ठोकलेली आहे. एअरबॅगचं कसं ओळखावं?

राम राम मंडळी. मी चोपड्याचा. आठवड्यातून तीनदा शिरपूरला जाणं असतं, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने, आणि परतताना हमखास रात्र होते. मागे बायको आणि चार वर्षांचा मुलगा.

नाशिकला फोक्सवॅगनची 2015 ची पोलो जीटी टीएसआय सापडली आहे. 1.2 टर्बो, 105 पीएस, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअर. कॉलेजपासून डोक्यात बसलेली गाडी, त्यामुळे माझ्या निवडीवर फार भरवसा ठेवू नका. विकणारा म्हणतो, "पुढून थोडंसं लागलं होतं, बंपर बदललाय." थोडंसं म्हणजे किती, ते सांगत नाही.

2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आदळून सुरक्षेचे तारे देणारी संस्था) पोलो ताशी 64 किमी वेगाने आदळली होती. बिनएअरबॅगच्या गाडीला शून्य तारे, दोन एअरबॅगवालीला चार. सांगाडा दोन्हींचा तोच. म्हणजे एअरबॅगच खोटी असेल तर मी चार ताऱ्यांचे पैसे देऊन शून्य ताऱ्यांची गाडी घरी आणणार. हे ओळखायचं कसं?

दुसरं, आमच्याकडे रात्री कापसाची ट्रॉली दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी चालते. त्यात मागून घुसलो तर हे तारे कामी येतात का?

आणि आप्पांचा हट्ट, "गाडीले पुढे लोखंडी गार्ड बसव, डुकरं आडवी येतात." काय सांगू त्यांना?

प्रतिसाद १
भाऊ, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड. अजिबात लागलाच नाही तर जास्त संशय घ्या, फुटलेली एअरबॅग न बदलता दिवाच काढून टाकणारे लोक आहेत. मग स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारं यंत्र) लावून घ्या. बॅगबरोबर बेल्टचा प्रिटेन्शनरही (धडकेत बेल्ट आवळणारा भाग) उडतो, तो आणि एअरबॅगचं कंट्रोल युनिट बदललं का, बिल मागा. बंपर काढून आतल्या चेसिसच्या दांड्या बघा, वेल्डिंग किंवा सुरकुती दिसली तर सरळ घरी या. जुन्या विम्याचा क्लेम किती रुपयांचा होता तेही विचारा, 'थोडंसं' म्हणजे किती ते तिथे कळतं.

प्रतिसाद २
ट्रॉलीचं खरं सांगतो. चाचणीत अडथळा बॉनेटसमोर असतो, म्हणून गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का पितो. ट्रॉलीची फळी उंचावर, बॉनेट खाली शिरतं आणि फळी थेट काचेवर येते. तिथे तारे फारसे वाचवत नाहीत. हेडलाइट, टायर आणि वेग बघा. टायरच्या कडेवर डीओटी कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. 2419 म्हणजे 2019 चा 24 वा आठवडा. असे जुने टायर टर्बो गाडीला नकोत. जीटीला ईएसपी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) आहे, पण तेही टायरच्या पकडीवरच चालतं.
गार्ड नकोच. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना बंदीचं पत्र पाठवलंय. धक्का चुरगळणाऱ्या भागाऐवजी थेट चेसिसला जातो, एअरबॅगची वेळही चुकू शकते. मुलाला मागे चाइल्ड सीटवर बसवा, वहिनींनीही मागचा बेल्ट लावायचा.

धागाकर्ता
काल नाशिकला जाऊन आलो. चावी ऑन केली. बाकी सगळे दिवे लागले, एअरबॅगचा लागलाच नाही. विकणारा म्हणाला, "तो बल्ब गेलाय साहेब, दोनशेचं काम." स्कॅनर लावू म्हटलं तर त्याला अचानक लग्नाला जायचं आठवलं. टोकन दिलं नव्हतं, सुटलो. आता नव्या सहा एअरबॅगच्या स्विफ्टकडे बघतोय. जीव रमत नाही, पण बघतोय. आप्पा मात्र अजून गार्डवरच अडलेत.