बेसमेंटमधली हत्यारं आणि सटरफटर कसं लावता?

तळघरातला_सांगलीकर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत दोन वर्षांपूर्वी घर घेतलं, १९६२ चं बांधकाम. खाली अर्धं बेसमेंट फिनिश केलेलं आणि अर्धं नुसतं काँक्रीट, तिथे फर्नेस (घर तापवायची भट्टी), वॉटर हीटर, संप पंप (खड्ड्यात जमणारं पाणी बाहेर टाकणारा) आणि उरलेल्या जागेत माझी अडगळ. अपार्टमेंटात होतो तेव्हा एक हातोडी आणि दोन स्क्रूड्रायव्हर एवढाच संसार होता, आता घर म्हटल्यावर प्रत्येक कामाला काहीतरी आणावं लागतं आणि ते काम झालं की खाली नेऊन "तात्पुरतं" ठेवलं जातं. परवा नळ गळत होता म्हणून टेफ्लॉन टेप शोधायला गेलो, पाऊण तास शोधून शेवटी दुकानात जाऊन आणली, आणि घरी आल्यावर ठेवायला गेलो तर आधीच्या चार सापडल्या. मोजायच्या टेपा तीन आहेत, पण लागते तेव्हा एकही नसते.

त्यात मागच्या मालकाने वीसेक रंगाचे डबे सोडून दिलेत, काहींवर लेबलसुद्धा नाही. माझी ड्रिल, करवत, टाइलचं उरलेलं सामान, फटीत भरायचं ग्राउट, अर्धी पोती काँक्रीट मिक्स, स्नोब्लोअरचा (बर्फ हटवायच्या यंत्राचा) गॅसचा म्हणजे पेट्रोलचा कॅन, हे सगळं खोक्यांत. मे महिन्यात बाबा येतायत सहा महिन्यांसाठी, आणि बाबा म्हणजे आल्या दिवशी "पटाशी कुठाय तुझी" विचारणार. पटाशी आहे, कुठे आहे ते माहीत नाही. पेगबोर्ड (हूक अडकवायचा भोकांचा फळा) लावू, का ते चाकांचं ड्रॉवरवालं कपाट घेऊ, का नुसत्या मांडण्या? खर्च तीनशे डॉलरच्या आत बसवायचाय.

ओली_भिंत

कपाटाचं नंतर बघा, आधी हवेतली ओल मोजणारं दहा-बारा डॉलरचं हायग्रोमीटर आणून आठवडाभर खाली ठेवा. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि एका उन्हाळ्यात सगळे पाने, कानशी, करवतीची पाती तांबडी झाली. आपल्याला वाटतं खिडकी उघडली की हवा खेळेल, पण जुलैत इथली बाहेरची हवा दमट असते आणि ती आत येऊन थंड काँक्रीटला लागली की तिथेच पाणी सुटतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं. म्हणजे उन्हाळ्यात खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) ५० टक्क्यांवर. त्याची नळी संपच्या खड्ड्यात सोडून द्या म्हणजे रोज बादली रिकामी करायला नको.

आणि खोकी फेका हो सगळी. पुठ्ठा ओल ओढतो, वाळवी-झुरळांना आमंत्रण. झाकणाचे पारदर्शक डबे घ्या. मांडणी भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून, खालचा कप्पा जमिनीपासून निदान चार इंच वर. संप पंप कधीतरी बंद पडतोच, आणि तो बरोबर वादळात लाइट गेल्यावर पडतो.

गिरमिट

ओली_भिंत यांचं बरोबर, पण तुमचा खरा घोळ वेगळा आहे. तुम्ही वस्तू तिच्या जातीप्रमाणे ठेवायला बघताय, सगळे स्क्रू एकत्र, सगळ्या टेपा एकत्र वगैरे. घरात काम करणारा माणूस तसा विचार करत नाही. त्याला नळ दुरुस्त करायचा असतो. मी कामाप्रमाणे डबे केलेत: नळाचा डबा (टेफ्लॉन, वॉशर, पाइप रेंच, जुनं फडकं), विजेचा डबा (टेस्टर, वायर नट, चिकटपट्टी, स्विचच्या प्लेटा), भिंतीचा डबा (पुटी, पत्रा, पॉलिश पेपर, ड्रायवॉलचे अँकर), रंगाचा डबा. काम निघालं की अख्खा डबा उचलून वर न्यायचा, झालं की अख्खा खाली. एकच वस्तू दोन डब्यांत लागत असेल तर दोन घ्यायच्या, तुमच्याकडे तर आहेतच. तीन टेपा तीन डब्यांत टाका, प्रश्न मिटला.

रोजची हत्यारं तेवढी भिंतीवर. पेगबोर्ड स्वस्त पडतो पण मागे १ बाय २ इंची लाकडी पट्ट्या मारल्याशिवाय लावू नका, नाहीतर हूक आत जाणारच नाही. काँक्रीटमध्ये भोकं पाडायची तर हॅमर ड्रिल भाड्याने आणा, निळे टॅपकॉन स्क्रू येतात, ३/१६ इंचाच्या स्क्रूला ५/३२ इंचाचं बिट. साध्या ड्रिलने एक भोक पाडायला मी अर्धा तास घालवलाय आणि बिट जाळलंय. भिंत ओली दिसत असेल तर मात्र भोक पाडूच नका, सुट्या मांडणीच्या बाजूलाच बोर्ड बांधा.

ते चाकांचं कपाट दिसायला झकास असतं पण बंद ड्रॉवरमध्ये काय आहे ते महिन्यात विसरायला होतं. माझं मत, भांडायला तयार आहे.

बिजागरी

भांडायला मी आले. ज्या घरात तीन वर्षांचं पोर आहे तिथे भिंतीवर उघडी करवत लटकवणार का? आमच्याकडे ड्रॉवरच आहेत, कुलूपवाले, आणि आत काय आहे ते बाहेर चिकटपट्टीवर मराठीत लिहिलंय. नवरा विसरतो, चिकटपट्टी विसरत नाही.

खिळे-स्क्रूंसाठी मात्र पैसे घालू नका. पीनट बटरच्या, लोणच्याच्या काचेच्या बाटल्या धुऊन ठेवा. लोणच्याच्या तीनदा धुवा.

उलटी_शिडी

कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तो गॅसचा कॅन आजच्या आज बाहेर शेडमध्ये न्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते आणि वॉटर हीटरची पायलटची (सतत पेटती) ज्योत खालीच असते. ग्रिलचा प्रोपेनचा सिलिंडर असेल तर तोही घरात नको. लाकडाला जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगाळून ठेवू नका, ती आपोआप पेटतात, खोटं वाटेल पण पेटतात. बाहेर पसरून वाळवा.

विजेच्या पॅनेलसमोर मांडणी लावायचा मोह होतो कारण तीच भिंत मोकळी दिसते. समोर ३६ इंच आणि रुंदीत ३० इंच मोकळं ठेवायचं असा कोड आहे, इन्स्पेक्टर पहिलं तेच बघतो.

बिनलेबलाचे रंग: घर १९६२ चं आहे, इथे घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ मध्ये आली, म्हणजे एखादा डबा त्याआधीचाही असू शकतो. उघडून हुंगत बसू नका. काउंटीचा घरातला घातक कचरा गोळा करण्याचा दिवस असतो, तारीख वेबसाइटवर बघून सगळे तिकडे पोचवा. तुमचा स्वतःचा लेटेक्स रंग ठेवा, पण गोठू देऊ नका, एकदा गोठून दह्यासारखा फुटला की गेला. झाकणावर खोलीचं नाव आणि तारीख लिहा, लेबलचा फोटो काढा.

थापी_ओळंबा

मी कोल्हापुरात बांधकामावर असतो, बेसमेंट वगैरे आमच्याकडे नाही पण साइटवरचं गोडाऊन सांभाळलंय. पोतं थेट फरशीवर ठेवलंत ना, मग ते गेलंच समजा. आम्ही फळ्यांवर ठेवतो, भिंतीपासून फूटभर लांब, आणि तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट महत्त्वाच्या कामाला घेत नाही. अर्धं उघडं पोतं तर दमट हवेत लवकरच गोळा होतं. झाकणाच्या बादलीत ओता, नाहीतर टाकून द्या, दगड सांभाळून काय करणार.

पटाशी आणि कानशीला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. तो निळा-पिवळा स्प्रे (डब्ल्यूडी-४०) पाणी हटवायला चांगला पण तो टिकत नाही. डब्यात कापराच्या दोन वड्या टाकतो आमचा सुतार, गंज कमी येतो म्हणतो, आणि त्याची हत्यारं खरंच चकचकीत आहेत.

तळघरातला_सांगलीकर

सगळ्यांना धन्यवाद, दोन वीकेंड गेले. हायग्रोमीटर ६८ दाखवत होतं, एप्रिलमध्ये! डीह्युमिडिफायर वापरलेला मिळाला ८० डॉलरला, आता ५१-५२ वर आलंय. गॅसचा कॅन शेडमध्ये गेला. पोतं उचलायला गेलो तर एकसंध उचललं गेलं, थापी_ओळंबा म्हणाले तसा दगडच.

पाच डबे केले गिरमिटच्या पद्धतीने, पाचवा "दाराचा", कारण आमची दारं सारखी कुरकुरतात. पेगबोर्ड मांडणीच्या बाजूला तारेने बांधला, भिंतीला हात लावला नाही. बिजागरी, पोर नाहीये पण मांजर आहे, करवत तरी वर टांगली.

पटाशी सापडली, ग्राउटच्या पिशवीत होती. गंजलीय, व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत घातलीय. आता एक राहिलं, मागच्या मालकाच्या खोक्यात एक पितळेची वस्तू निघालीय, वीतभर लांब, एका टोकाला आटे आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक. कुणाला कळतंय का कसली ते? फोटो उद्या टाकतो.