मदत हवी आहे: उघड्यावरचा गरम पाण्याचा पूल एनर्जी मॉडेलमध्ये कसा बसवायचा?

मंडळी, गुहागरजवळच्या एका रिसॉर्टचं ग्रीन रेटिंगसाठी एनर्जी मॉडेल (वर्षभरात किती ऊर्जा लागेल याचा संगणकावरचा हिशोब) करतोय. इमारत जमली, घोडं अडलंय पूलपाशी. पूल जुना, उघड्यावरचा, 12 बाय 6 मीटर, सरासरी खोली 1.2 मीटर. मालकांना आता हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र) बसवून पाणी 28 अंशांवर ठेवायचंय. (कोकणात पूल तापवायचा कशाला, हे विचारून झालंय. गिऱ्हाइकं डिसेंबरात सकाळी पाय बुडवून परत फिरतात म्हणे.)

एनर्जीप्लस या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमधलं पूलचं तयार ऑब्जेक्ट फक्त इनडोअर पूलसाठी आहे. म्हणून बाष्पीभवनात जाणारी उष्णता एक्सेलमध्ये तासागणिक काढून ती लोड प्रोफाइल (दर तासाची उष्णतेची मागणी) म्हणून प्लांट लूपला, म्हणजे मॉडेलमधल्या गरम पाण्याच्या यंत्रणेला, जोडायचा बेत आहे. सूत्र अ‍ॅशरेचं (वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकन संस्था) नेहमीचं, दर चौरस मीटरला: पाण्याचा आणि हवेतला बाष्पदाब यांतला फरक गुणिले (0.089 + 0.0782 × वाऱ्याचा वेग).

गोची त्या वाऱ्यातच आहे. जानेवारीची रात्र, हवा 20 अंश, आर्द्रता 75 टक्के, पूलमध्ये कुणी नाही म्हणून अ‍ॅक्टिव्हिटी फॅक्टर (पाणी किती ढवळलं जातं त्याचा गुणक) 0.5. वारा सेकंदाला 1 मीटर धरला तर सुमारे 12 किलोवॅट उष्णता जाते, 3 मीटर धरला तर जवळपास 24! मॉडेलला दिलेली हवामानाची वेदर फाइल रत्नागिरीची, त्यातला वारा 10 मीटर उंचीवरचा. इथे तीन बाजूंना चिऱ्याचा गडगा आणि पोफळीची बाग, चौथी बाजू समुद्राकडे सताड उघडी. कुठला आकडा धरू?

शिवाय, ईसीबीसीत (इमारतींसाठीची भारताची ऊर्जा संहिता) तापवलेल्या पूलला कव्हर बंधनकारक आहे. म्हणजे ते बेसलाइनमध्येही (तुलनेसाठीच्या नियमाबरहुकूम मॉडेलमध्येही) धरायचं, बचतीत दाखवायचं नाही, बरोबर ना?

पावसाने पूल थंड होईल ही धास्ती मात्र गेली. 3000 मिमी पाऊस 25 अंशांचा धरला तरी ते पाणी तापवायला मोसमभरात 750 युनिटच्या आसपास उष्णता. कव्हर नसेल तर पाचेक थंड रात्रींत तेवढी उष्णता अशीच उडून जाते.

प्रतिसाद:
आकडा फाइलीत शोधू नका, पूललाच विचारा. तुमचं पाणी 86 घनमीटर, म्हणजे एक अंश उतरलं की 100 युनिट गेले. हीट पंप बसायच्या आधी, कव्हर न टाकता, मावळतीला आणि पहाटे पाण्याचं तापमान घ्या. त्यातून आकाशाकडे जाणारं रेडिएशन आणि हवेला दिलेली उष्णता वजा करा, उरलं ते बाष्पीभवन. त्यावरून सूत्र उलटं वापरून वाऱ्याचा वेग काढा.

आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून येतात, म्हणजे तुमच्या बागेतूनच. उघडी बाजू छळणार ती दिवसा, खाऱ्या वाऱ्यात. दिवस-रात्रीचा वेग वेगळा ठेवा.

कव्हर बेसलाइन आणि तुमचं मॉडेल दोन्हीकडे, वेळापत्रकही तेच.

धागाकर्ता:
हे बेष्ट झालं, लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र) लावतो. एकच पुरेल, की उथळ आणि खोल दोन्ही टोकांना हवा?

प्रतिसाद:
मोजायच्या आधी अर्धा तास फिल्टरचा पंप चालवून पाणी ढवळून घ्या, एकच पुरतो. फक्त पृष्ठभागाला चिकटवू नका, फूटभर खाली सोडा.