अनुभव धागा: नव्या शहरात घर शोधताना पहिली टाचणी कुठे टोचलीत?

बदली, नवी नोकरी, कोणाचं शिक्षण, कारण काहीही असो. कुटुंबासकट शहर बदलायचं ठरलं की शोध बहुतेक घरांत एकाच पद्धतीने सुरू होतो. नकाशा उघडायचा, ज्याच्या नोकरीपायी निघालोय त्याच्या ऑफिसवर टाचणी टोचायची आणि तिथून बाहेर सरकत सरकत परवडेल तिथे थांबायचं.

माझं मत वेगळं आहे. घरात ज्याला सगळ्यात कमी हलता येतं, पहिली टाचणी त्याच्या दिवसावर हवी. शाळकरी पोर, गुडघे धरलेली आई, स्वतःचं काम सोडून सोबत येणारा नवरा किंवा बायको. नोकरीवाल्याला नव्या शहरात पहिल्या दिवसापासून एक ऑफिस आणि चार ओळखी आयत्या मिळतात. बाकीच्यांना मिळतो तो फक्त घराभोवतीचा परिसर.

हे सगळ्यांना पटेल असं नाही, म्हणून हा धागा. घरात कोण कोण होतं, टाचणी कुठे टोचलीत, राहायला लागल्यावर काय कळलं, ते लिहा. शहराचं नाव आणि भाड्याचा आकडा मात्र नको. नाव आलं की चर्चा त्या शहराच्या उखाळ्यापाखाळ्यांवर घसरते, आणि भाड्याचे आकडे वर्षभरात शिळे होतात.

दोघंही नोकरीवाले, मुलगी लहान

आमची कामाची ठिकाणं शहराच्या दोन टोकांना. जो तो सांगत होता, मध्यावर घ्या. ऐकायला न्याय्य वाटतं, पण मध्यावर राहिलं की गर्दीतला प्रवास दोघांच्याही नशिबी येतो आणि पाळणाघरातून फोन आला तर दोघंही लांबच.

मग आम्ही प्रश्न बदलला: कोणाच्या वेळा जास्त कडक? बायको रुग्णालयात पाळीवर काम करते. तिला दहा मिनिटांचा उशीर चालत नाही आणि रात्रपाळी संपवून लांबवर गाडी चालवत येणं धोक्याचं. मला अधूनमधून घरून काम करता येतं. टाचणी तिच्या रुग्णालयावर टोचली आणि लांबचा प्रवास माझ्या वाट्याला आला. कुरकुर अधूनमधून करतो, पण घर चालतंय.

प्रवासाबद्दल थोडं वाचलेलं सांगतो. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की माणसं कुठल्याही काळात रोजच्या येण्याजाण्याला साधारण तासभर देत आली आहेत. वाहन वेगवान झालं तर वेळ वाचत नाही, शहर पसरतं. म्हणून एजंट ‘अमुक किलोमीटर’ म्हणाला की मी ते कानाआड करायचो आणि सकाळच्या गर्दीत दारापासून दारापर्यंत लागणारी मिनिटं मोजायचो. वाहनतळावर जागा शोधण्याचा वेळही त्यात धरायचा.

दुसरं, आलोइस श्टुट्सर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासून २००८ साली एक निबंध छापला. लांब राहणाऱ्याला त्या बदल्यात मोठं घर किंवा चांगला पगार मिळतो, म्हणजे त्याचं समाधान इतरांएवढंच असायला हवं, असं अर्थशास्त्राचं गणित. प्रत्यक्षात ते कमी निघालं. मोठ्या घराची आपल्याला लवकर सवय होते, रोजच्या खोळंब्याची होत नाही, असा माझा स्वतःचा हिशेब.

दोन मुलांची आई

धाकटा आठचा, मोठी पंधराची. शाळेची टाचणी दोघांसाठी एकच असेल असं मी धरून चालले होते. मोठीने ते उडवून लावलं.

अमेरिकेत १९९४ पासून पाच मोठ्या शहरांत एक प्रयोग झाला. गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि कमी गरिबीच्या भागात राहायला भाड्याची मदत दिली. पुढे २०१६ मध्ये राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कात्झ या अर्थतज्ज्ञांनी त्या मुलांचं पुढे काय झालं ते पाहिलं. वयाच्या तेराव्या वर्षाआधी जी खरोखर तिकडे राहायला गेली, त्यांची विशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. त्याहून मोठी होऊन गेलेल्यांना फायदा दिसला नाही, उलट थोडा तोटाच. आमची परिस्थिती त्या कुटुंबांसारखी नव्हती, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावायचा नाही. वयाचा मुद्दा मात्र मनात राहिला. धाकट्याला परिसर घडवणार होता. मोठीला तिचं जग तुटल्याचा धक्का बसणार होता आणि ते जग तिला पुन्हा स्वतःच उभं करायचं होतं.

म्हणून दोन टाचण्या. धाकट्याची शाळा चालत जाण्याजोगी, वाटेत मोठा रस्ता ओलांडायला लागू नये अशी. मोठीसाठी शाळेपेक्षा महत्त्वाचं होतं ते वाहन: आमच्यापैकी कोणी सोडायला न जाता, संध्याकाळी अंधार पडल्यावरही ती एकटी येऊ-जाऊ शकेल असा बसचा किंवा रेल्वेचा मार्ग. पंधरा वर्षांच्या मुलीला प्रत्येक वेळी आईबापाच्या गाडीची वाट बघावी लागली तर मैत्रिणी जमायच्या कशा?

आणि जमलं तर सत्राच्या सुरुवातीला न्या. मध्येच आलेलं मूल वर्गात ‘नवीन’ म्हणून उठून दिसतं. सत्र सुरू होताना सगळ्यांचेच बाक बदललेले असतात.

भाड्याने राहा म्हणणारा

थोडक्यात लिहितो. पहिलं घर विकत घेऊ नका. उन्हाळा, पावसाळा, थंडी असं एक चक्र भाड्याने काढा. करारात मुदतीआधी घर सोडण्याची अट काय आहे, नोटीस किती, अनामत कशी परत मिळणार, एवढं आधी वाचा. बाकीची चर्चा त्यानंतर.

आईला घेऊन आलेली मुलगी

वरच्या मताला दुजोरा, पण वयस्कर माणूस सोबत असेल तर वारंवार घर बदलणंही त्याला झेपत नाही हे लक्षात असू द्या. माझी आई जुन्या घरात डोळे मिटून वावरायची. नव्या घरात न्हाणीघर कुठल्या बाजूला, इथपासून तिची सुरुवात. त्यामुळे भाड्याचं असलं तरी लांब मुदतीचं आणि मालकाला लवकर परत नको असलेलं घर आम्ही शोधलं.

घर पाहायला गेले तेव्हा आईच्या वेगाने चालून बघितलं. नकाशा ‘पाच मिनिटं’ म्हणतो ते धडधाकट माणसाच्या पायांनी, म्हणजे साधारण चारशे मीटर. तिला त्याला तिप्पट वेळ लागतो आणि मध्ये एकदा बसावं लागतं. वाटेत टेकायला बाक किंवा कट्टा आहे का, पदपथ सलग आहे की दर फाटकापाशी उतार-चढ, सिग्नलला हिरवा दिवा तिला पलीकडे पोचेपर्यंत टिकतो का, लिफ्ट बंद पडली तर किती जिने. हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

रुग्णालयाचंही तसंच. नकाशावर लाल चिन्ह दिसलं म्हणजे काम भागलं असं नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला तर ती विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी रक्तस्राव नाही ना हे पाहायला डोक्याचा स्कॅन. म्हणून मी जवळच्या रुग्णालयांना रात्री फोन करून विचारलं, आत्ता या वेळी स्कॅन होतो का? सगळ्यात जवळच्या ठिकाणी नकार मिळाला. टाचणी पुढच्या रुग्णालयावर गेली.

सोबत आलेला नवरा

बायकोला बढती मिळाली, मी नोकरी सोडून सोबत गेलो. धागाकर्त्याने आमच्यासारख्यांची आठवण ठेवली, बरं वाटलं. एरवी आमचा उल्लेख सामानाच्या यादीनंतर येतो.

दोन घरं आवडली होती. एक वरच्या मजल्यावर कोपऱ्यात, शांत, देखणं. दुसरं खालच्या मजल्यावर, जिन्याला लागून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ दारासमोरून. मी दुसरं मागून घेतलं. त्याला कारण होतं एक जुनं संशोधन. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या मानसशास्त्रज्ञांनी एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते ते पाहिलं आणि १९५० साली छापलं. लगेच शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के जवळचे मित्र झाले होते. त्याच मजल्यावर पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्के. आणि जिन्यापाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही ओळख जास्त. आवडीनिवडी, स्वभाव वगैरे नंतर. आधी माणूस समोरून जायला हवा.

पहिले काही महिने माझं बोलणं जिन्यातच झालं. प्लंबर कोण चांगला, मुलांचा दवाखाना कुठला, कचऱ्याची गाडी किती वाजता, सगळं तिथेच कळलं. गोंगाटाचा त्रास होतो, नाही म्हणत नाही. दुपारी झोपायची सवय असलेल्याने माझं ऐकू नये.

आणखी एक, रस्त्याबद्दल. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच दिसणाऱ्या रस्त्यांची तुलना केली होती. कमी रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, भरधाव रहदारीच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. घरासमोर पोरं खेळताना दिसली तर माझ्या लेखी तो सगळ्यात चांगला दाखला.

सांडपाण्याच्या कामातली इंजिनियर

सगळे माणसांबद्दल बोलताहेत, मी जमिनीबद्दल बोलते. उतारावरचं पाणी कुठे जातं ते बघा. तळमजल्याच्या भिंतींवर एका रेषेत ओल किंवा डाग, कुंपणाच्या भिंतीला उंचावर अडकलेला कचरा, वाहनतळाच्या तोंडाशी नव्याने बांधलेला उंबरा, या खुणा पाणी येऊन गेल्याचं सांगतात. रस्ता दर डांबरीकरणात वर चढत गेला असेल तर इमारतीचं आवार खोलगट राहतं, हेही पाहा.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग लोकांना फसवतो. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. काल येऊन गेला म्हणून पुढची शंभर वर्षं सुट्टी असं काही नसतं. तीस वर्षांचं गृहकर्ज फेडता फेडता तो एकदा तरी गाठण्याची शक्यता जवळपास २६ टक्के होते. चारात एक! एवढ्या शक्यतेवर कोणी रस्ता ओलांडणार नाही, घर मात्र घेतात.

आवाजासाठी घर रात्री बघा, शक्यतो कामाच्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशींत रस्त्याच्या रहदारीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय. फोनवरचं ॲप अचूक नसतं, पण दोन घरांची तुलना करायला पुरतं. रस्त्याकडची खोली झोपायची आहे की बसायची, यानेही बराच फरक पडतो.

धागाकर्ता

मस्त चाललंय. एक प्रश्न: या सगळ्यात पैसा कुठे बसवलात? वरच्या सगळ्याच गोष्टी मिळतील एवढं बजेट कोणाचंच नसतं.

बदलीच्या नोकरीतले काका

आमची आयुष्यभर बदल्यांची नोकरी. इतका अभ्यास करायला आम्हाला कधी वेळच मिळाला नाही आणि खरं सांगू का, तो फार उपयोगी पडला असता असंही वाटत नाही. हुकूम आला की निघायचं. त्यामुळे बजेटचं उत्तर सोपं: भाडं एकटं बघू नये. भाडं अधिक प्रवासखर्च अधिक लांब राहिल्याने लागणारं दुसरं वाहन अधिक मुलांना ने-आण करायला ठेवलेलं माणूस, अशी एकूण बेरीज मांडावी. स्वस्त म्हणून लांबचं घर घेणाऱ्यांची ही बेरीज कित्येकदा जवळच्या महाग घराइतकीच येते.

आणि मांडून झाली की एक खोली कमी करून बघावी. आमच्या घरात दर वेळी हेच कापलं गेलं. मुलं एका खोलीत वाढली, भांडली, पण शाळेत चालत गेली.

सिंगल आई, पुढच्या महिन्यात निघणारी

वाचून घाबरले आणि आधारही वाटला. मी आणि सहा वर्षांचा मुलगा. तिकडे ओळखीचं कोणी नाही. माझ्या बाबतीत हलू न शकणारं माणूस एकच, पण मी अडकले तर त्याला घ्यायला जाणारंही कोणी नाही. टाचणी शाळेवर की ऑफिसवर?

दोन मुलांची आई

शाळेवरही नको. शाळेनंतर तो जिथे थांबणार त्या पाळणाघरावर. शाळा सुटायची वेळ ठरलेली असते, तुझी नसते. पाळणाघर संध्याकाळी किती वाजेपर्यंत ठेवून घेतं, उशीर झाला तर काय करतं, शाळेतून तिथे कोण नेतं, हे आधी विचार. ते ठरलं की घर त्याच्या चालण्याच्या अंतरात शोध.

सोबत आलेला नवरा

आणि जिन्याजवळचं बघा, ताई. अडल्या वेळी फोन करायला एक दार लागतं.

सांडपाण्याच्या कामातली इंजिनियर

तळमजला असेल तर आधी भिंती बघून घे. फोटो टाकलास तर मी सांगते.