जाऊबाईंचं एचबी (हिमोग्लोबिन) ७.८ आलंय, गर्भाची पिशवी काढा म्हणायलेत, काय करावं?

परभणीची_लेक

नमस्कार, जरा सविस्तर लिहिते कारण घरात रोज यावरूनच बोलणं चालू आहे आणि प्रत्येकजण वेगळंच सांगायलाय. माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ३९, सेलू तालुक्यात गावाकडंच असतात. अंगानं भरलेल्या आहेत, कामाला कधी मागं नाहीत, त्यामुळं यांच्या अंगात रक्त कमी असंल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. यंदा कापूस वेचता वेचता सरीतच खाली बसल्या, डोळ्यापुढं अंधारी आली म्हणल्या. तपासलं तर एचबी ७.८. आता खोदून विचारलं तर सांगायल्यात की लई दिवसापासून धाप लागायलीय, रात्री पाय वळतात, आणि तांदूळ निवडायला बसल्या की मूठ मूठ कच्चेच खातात, ते तर आम्ही सगळ्यांनी पाहिलंय पण सवय असंल म्हणून सोडून दिलं. पाळी ८-८ दिवस चालते, गाठी पडतात, हे पण आत्ताच कळलं.

तालुक्याला एका खाजगी डॉक्टरनी सोनोग्राफी न करताच सांगितलं, दोन लेकरं झालीत, आता पिशवी काढून टाका म्हणजे रक्त जायचं बंद होईल. सासूबाई म्हणतात बीट आणि गूळ-शेंगदाणे द्या. आशाताईनं लोहाच्या लाल गोळ्या दिल्या होत्या पण मळमळायलं आणि शौचाला काळी व्हायली म्हणून यांनी त्या बंद करून डब्यात ठेवून दिल्या. माझं विचारणं असं की दोन टाइम पोटभर भाकरी खाणाऱ्या धडधाकट बाईचं रक्त कमी होतंच कसं? आणि पिशवी काढणं खरंच गरजेचं आहे का?

उपकेंद्रातली_ताई

ताई, मी उपकेंद्रात काम करते, डॉक्टर नाही, पण असल्या बाया रोज बघते म्हणून लिहितेय. गरोदर नसलेल्या बाईचं एचबी १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, आणि ८ च्या खाली गेलं की तो तीव्र धरतात. त्यामुळं बीट खाऊन बघू, गूळ खाऊन बघू यात आता वेळ घालवू नका, याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात न्या. बसल्या जागी धाप लागायली, छातीत धडधड व्हायली किंवा पायावर सूज दिसली तर त्याच दिवशी न्या, आठवड्याची वाट बघू नका.

आता तुमचा प्रश्न. पोट भरणं वेगळं आणि लोह मिळणं वेगळं. भाकरीत, डाळीत, पालेभाजीत लोह असतं पण धान्यातलं लोह आतडं फार थोडंच उचलतं, दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम शरीरात शिरतं. आणि रक्ताच्या १ मिलिलिटरमागं अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर ती पाळी जास्तीची धरतात, म्हणजे एका पाळीतच ४० मिलिग्रॅम गेलं की नाही, आणि ८ दिवस गाठी पडणाऱ्या बाईचं त्याहून जास्त जात असणार. फुटक्या रांजणात कितीबी पाणी ओता. म्हणून मी बाईला काय खाती हे नंतर विचारते, आधी विचारते कपडे दिवसातून किती वेळा बदलावे लागतात, रात्री उठावं लागतं का, गाठी केवढ्या असतात. बाया हे स्वतःहून कधीच सांगत नाहीत. सासूसमोर तर नाहीच नाही.

आणि जाडीवर जाऊ नका. पाच फूट उंचीच्या, ७० किलोच्या बाईचं एचबी ७ बघितलंय मी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ ची, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयातल्या ५४.२ टक्के बायांमध्ये ॲनिमिया निघाला, त्याच्या आधीच्या पाहणीत ४८ टक्के होता. म्हणजे वाढलाय. आपल्याकडं पोरीचं लग्न लवकर, मग पाठोपाठ लेकरं, दोन बाळंतपणात अंतर नाही, अंगावर पाजणं, आणि ताटात सगळ्यात शेवटी जे उरतं ते तिच्या वाट्याला. शेतात अनवाणी फिरणारीच्या पोटात आकडीचे जंत असतील तर ते रोज आतून रक्त पितात. मूळव्याध लपवतात. कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून रोज गोळी आणून खातात, त्यानं पोटात आतल्या आत रक्त झिरपतं. कॉपर-टी बसवल्यावर पाळी वाढली तरी अंगावर काढतात. कच्चे तांदूळ, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं हे तर लोह कमी झाल्याचंच लक्षण आहे हो, ती सवय नाही. तुमच्या जाऊबाई कधीपासून खातात विचारा, तेव्हापासूनच कमी असणार.

शौचाला काळी होणं म्हणजे गोळीतलं लोह बाहेर पडतंय, त्याला भिऊ नका. मळमळ होत असंल तर रात्री जेवल्यावर घ्यायची, अगदीच सोसंना तर डॉक्टरला विचारून एक दिवस आड. पण चहासोबत नाही, चहाच्या आधी-नंतर तास-दोन तास नाही, दुधासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबत नाही. लिंबूपाण्यासोबत किंवा आवळा खाऊन घेतली तर चांगली लागू पडते.

गेवराईकर_वैशाली

पिशवीचं वाचलं आणि जीव घाबरला म्हणून लिहायलीय. आमचं घराणं ऊसतोडीला जाणारं, दसरा झाला की कोयता घेऊन सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. आमच्याकडं लई बायांनी पिशव्या काढल्यात, तिशीच्या आतबाहेर. कारण काय तर पाळीत फडावर काम होत नाही, खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापतो, पाण्याची सोय नाही, आडोसा नाही, अंगावरून जायलं की डॉक्टर म्हणतो कॅन्सर होईल काढून टाक. २०१९ ला हे सगळं पेपरात आलं, सरकारनं समिती नेमली, त्यानंतर बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यात पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यायचा नियम झाला.

माझ्या आत्याची काढलीय. त्या टायमाला रक्त कमीच होतं आणि तशीच बाई मोकळी करून परत फडावर पाठवली, गोळ्या कुणी दिल्याच नाहीत. रक्त जायचं थांबलं पण अंगात आधीच जे नव्हतं ते कुठून येणार? आणि पिशवीसोबत अंडाशय पण काढले होते हे तिला नंतर कळलं, त्यानं पाळी जायचं वय अवेळीच आलं, हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात. ताई, ७.८ वर कसलंबी ऑपरेशन करून घेऊ नका, आधी रक्त वाढवायचं. आणि लिहून मागा डॉक्टरला की कशासाठी काढायलात, गाठ आहे का, केवढी आहे. सोनोग्राफी न करता बोलणाऱ्याकडं परत जाऊ नका.

मांजराकाठचा

वहिनी, आमच्या घरी माळकरी वातावरण, अंडंसुद्धा नाही. मिसेसला कितीतरी दिवस लोहाच्या गोळ्या चालू होत्या पण एचबी हलेचना, हातापायाला मुंग्या यायच्या. शेवटी लातूरला एका फिजिशियननी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण तपासणी, नीट बघितला तर पेशींचा आकार, एमसीव्ही लिहिलेलं असतं तो, मोठा होता. बी१२ कमी निघालं. इंजेक्शन सुरू केल्यावर फरक पडला. त्यात त्या रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी खायच्या, डॉक्टर म्हणले त्यानं पण लोह आणि बी१२ दोन्ही कमी लागतं. तर नुसता एचबी नका बघू, पूर्ण सीबीसी करा.

परभणीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सीबीसी आहे आमच्याकडं, त्यात एमसीव्ही ६४ लिहिलंय, म्हणजे बारीक ना? फेरिटिन म्हणून एक तपासणी लिहून दिलीय ती करावी का, महाग आहे म्हणतात. आणि रक्ताची पिशवी चढवावी लागेल का, घरचे लई भ्यालेत.

उपकेंद्रातली_ताई

६४ म्हणजे बारीक, ८० च्या खाली गेलं की बारीक धरतात, लोह कमी असल्यावर असंच येतं. पण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईबापाकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष, असला तरी बारीकच येतं, म्हणून फेरिटिन करून घ्या, ते साठ्यातलं लोह दाखवतं. १५ च्या खाली आलं तर लोहाचीच कमतरता हे पक्कं. फेरिटिन चांगलं निघालं आणि पेशी तरी बारीक, तर मग हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी सांगतील, ती थॅलेसेमिया-सिकल सेलसाठी असते. नांदेडकडं किनवट-माहूर भागात सिकल सेलच्या केसेस आहेत, माहेर तिकडचं असंल तर डॉक्टरला आवर्जून सांगा.

रक्त चढवायचं का ते डॉक्टर त्यांची हालत बघून ठरवतील. बऱ्याचदा सलाईनमधून लोहाचं औषध देतात, त्यानं गोळ्यांपेक्षा लवकर साठा भरतो आणि पोटाचा त्रास पण कमी होतो. ते दवाखान्यातच घ्यायचं, गावात कंपाउंडरकडून नाही. गोळ्या चालू झाल्या तर महिन्याभरात एचबी साधारण १-२ नं वाढायला पाहिजे. नाही वाढलं तर एक तर गोळी नीट घेतली जात नाही नाहीतर रक्त अजून जायलंय. आणि एचबी १२ झालं की थांबवायचं नाही, त्याच्या पुढं तीन महिने तरी, नाहीतर साठा भरतच नाही आणि पुढच्या कापसाला परत तेच.

पाळीचं पण तिथंच दाखवा. फायब्रॉइडची गाठ असो की हार्मोनचं असो, रक्त कमी जायच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू येते जिनं पाळीच हलकी होते. थायरॉइड पण तपासा, त्यानंही पाळी वाढते. पिशवी काढणं हे सगळ्यात शेवटचं. परभणीत समाधान नाही झालं तर घाटीला (संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा नांदेडच्या मेडिकल कॉलेजला न्या.

सासूबाईंना नाराज करू नका, गूळ-शेंगदाणे खाऊ द्या, पण बीटात लोह फारसं नसतं, नुसता रंग लाल. त्यापेक्षा अळीव, हरभरे, मेथी, राजगिरा, तीळ, बाजरीची भाकरी आणि सोबत लिंबू पिळून. मटण चालत असंल तर काळीज, त्यातलं लोह लवकर लागतं. जेवल्या जेवल्या चहा मात्र बंद करा, आपल्याकडं तोच लई नडतो. मिसरी लावत असतील तर ती पण सोडवा.

जाताना जुने सगळे रिपोर्ट सोबत घ्या, शेवटची पाळी कधी आली ती तारीख लिहून न्या, आणि सोनोग्राफीच्या आधी पाणी भरपूर पाजून लघवी रोखून ठेवायला सांगा, नाहीतर तिथं तासभर बसवून ठेवतात.